परदेशात अर्थशास्त्र शिकायचंय? मार्कशीटवर गणित दिसलं पाहिजे

बीएचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "इकॉनॉमिक्समध्ये ७२ टक्के आहेत, बाहेर कुठे ॲडमिशन मिळेल?" नुसत्या टक्क्यांवरून याचं उत्तर देता येत नाही. आधी उलट विचारावं लागतं: बारावीनंतर गणिताचे किती पेपर दिलेत, आणि मार्कशीटवर त्यांची नावं काय छापली आहेत?

परदेशातल्या बहुतेक नावाजलेल्या विभागांत एमएस्सी किंवा पीएचडीचं अर्थशास्त्र गणिताच्या भाषेत शिकवतात. आपल्याकडे कला शाखेचा विद्यार्थी बऱ्याचदा दहावीनंतर गणिताला रामराम करतो आणि पुढची पाच वर्षं आकृत्या काढत, मुद्दे लिहीत विषय शिकतो. हुशारी कमी नसते, शिकण्याची भाषाच वेगळी असते. हे अंतर अर्ज करण्याच्या दोन वर्षं आधी लक्षात आलं तर भरून काढता येतं. अर्जाच्या महिन्यात लक्षात आलं तर फक्त फी वाया जाते.

अंतर म्हणजे नेमकं किती, ते एका नमुन्यातून बघा. आपल्या पेपरात प्रश्न येतो, "समवृत्ती वक्रांच्या साहाय्याने उपभोक्त्याचा समतोल स्पष्ट करा." आकृती, स्पर्शबिंदू, चार मुद्दे, झालं. तोच धडा तिकडे पहिल्या काही आठवड्यांत असा येतो: ग्राहकाच्या आवडीनिवडीबद्दल एवढंच गृहीत धरा की कुठलाही वस्तुसमूह घेतला तरी त्याच्या कितीही जवळ त्याहून जास्त आवडणारा दुसरा वस्तुसमूह सापडतोच. आता सिद्ध करा की ग्राहक सगळं उत्पन्न खर्च करतो. उत्तर असं: समजा त्यानं सगळं खर्च केलं नाही, थोडे पैसे उरले. मग त्यानं निवडलेल्या वस्तुसमूहाभोवती इतकं छोटं वर्तुळ काढता येईल की त्यातला प्रत्येक वस्तुसमूह त्याला परवडेल. गृहीतकाप्रमाणे त्याच वर्तुळात कुठेतरी जास्त आवडणारा वस्तुसमूह आहे, आणि तोही परवडतो. म्हणजे मूळची निवड सर्वोत्तम नव्हती. विसंगती आली, सिद्धता संपली.

यात एकही आकडेमोड नाही. पण "कितीही जवळ" आणि "इतकं छोटं की" हे शब्द तोलून वापरायची सवय रिअल ॲनालिसिसच्या वर्गात लागते. अमेरिकेतले पीएचडीचे विभाग मार्कशीटवर हा विषय शोधतात तो यासाठीच. पहिल्या वर्षी मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनॉमेट्रिक्स हे तीन मोठे विषय असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या वर्षाच्या शेवटी पात्रता परीक्षा. त्यात दोनदा नापास झालं तर अनेक विद्यापीठांत मास्टर्स देऊन घरी पाठवतात. प्रवेश समितीला एकच अंदाज बांधायचा असतो, हा विद्यार्थी ते पहिलं वर्ष पार करेल का?

लागणारे विषय चार. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स आणि रिअल ॲनालिसिस. ब्रिटन-युरोपातल्या चांगल्या मास्टर्सला पहिले तीन भक्कम असले तर अर्जाला वजन येतं. अमेरिकेतल्या वरच्या पीएचडीला चौथा जवळजवळ अत्यावश्यक धरा.

खरी गोची कागदावर होते. अनेक मुलांनी यातलं बरंचसं शिकलेलं असतं, पण मार्कशीटवर "क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स – २" किंवा नुसता पेपर क्रमांक छापलेला असतो. बॉनमध्ये किंवा टोरंटोत बसलेल्या माणसाला त्यातून काहीही कळत नाही. म्हणून अर्जासोबत दोन पानी विषय-वर्णन स्वतः तयार करा, ते कुठे अपलोड करता येईल ते पोर्टलवर शोधा, आणि शक्य असेल तर विभागप्रमुखांची सही-शिक्का घ्या. एक नोंद साधारण अशी असावी: "क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स – २, चौथं सत्र, ६० तास. मॅट्रिक्स, डिटर्मिनंट, आयगेन व्हॅल्यू, आंशिक विकलन, लाग्रांज पद्धत, बंधनांसह इष्टतमीकरण. वापरलेलं पाठ्यपुस्तक अमुक. गुण ८१/१००." वर्णन विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. न शिकवलेला धडा घुसडलात आणि पडताळणीत सापडला तर अर्ज तिथेच संपतो.

गणित नसेलच तर काय करायचं? स्वस्त मार्ग एनपीटीईएलचा. आयआयटीच्या प्राध्यापकांचे लिनिअर अल्जेब्रा, रिअल ॲनालिसिस, प्रॉबॅबिलिटीचे कोर्स फुकट करता येतात, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचं गुणांसह प्रमाणपत्र मिळतं. परीक्षा फी हजार रुपयांच्या आसपास. विद्यापीठाच्या क्रेडिटइतकं वजन त्याला नाही, पण कोऱ्या पाटीपेक्षा कितीतरी बरं. महाग मार्ग इलिनॉय विद्यापीठाच्या नेटमॅथसारख्या दूरस्थ कोर्सचा. त्यात अमेरिकन विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट मिळतं. मला विचाराल तर आपल्या मुलांसाठी सगळ्यात पक्का मार्ग तिसराच आहे: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट किंवा पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी दोन वर्षांचं मास्टर्स आधी करायचं. खर्च परदेशाच्या काही टक्के, गणित आपोआप होतं, आणि शिफारसपत्र देणारे प्राध्यापक असे मिळतात ज्यांचे आधीचे विद्यार्थी तिकडच्या समित्यांनी पाहिलेले असतात. घाईत थेट बाहेर जाऊन मधल्या दर्जाच्या एक वर्षाच्या पदवीवर अर्धा कोटी रुपये खर्च करण्यापेक्षा ही दोन वर्षं मोलाची आहेत.

ब्रिटनमध्ये आणखी एक सोय आहे. वॉरिकमध्ये डिप्लोमा आणि एमएस्सी असा दोन वर्षांचा जोडकोर्स आहे. पहिल्या वर्षी पाया पक्का करून घेतात, ठरलेले गुण मिळाले की दुसऱ्या वर्षी एमएस्सी. पैसे दोन वर्षांचे लागतात, हे मात्र आधीच धरा.

आता देश. प्रत्येक देशाची शिडी वेगळी आहे, आणि एका शिडीचे नियम दुसरीला लावल्यामुळे बरेच अर्ज चुकतात.

अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएचडीला थेट बॅचलरनंतर अर्ज करता येतो. काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, त्यामुळे तीन वर्षांच्या बीएवाल्यांनी प्रत्येक विभागाची अट आधी वाचावी. पीएचडी पाच-सहा वर्षांची. चांगल्या विभागांत फी माफ आणि वर शिष्यवृत्ती किंवा अध्यापन-सहायकाचं मानधन असतं. मास्टर्सचा खर्च मात्र जवळपास पूर्ण तुमच्या खिशातून जातो. "आधी मास्टर्स करू, मग फंडिंग बघू" हा विचार इथे उलटा पडतो, कारण पैसा वरच्या पायरीवर आहे. पीएचडीचे अर्ज बहुधा डिसेंबरात बंद होतात, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि फंडिंगसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. अर्ज फी साधारण १०० डॉलरच्या आसपास. बारा ठिकाणी अर्ज केलात आणि डॉलर ९० रुपये धरलात तर १ लाख ८ हजार रुपये फक्त फीचे. फीमाफीची सोय अनेक विभागांत असते. ती मुदतीच्या काही आठवडे आधी ईमेलनं मागावी लागते, शेवटच्या दिवशी मागून मिळत नाही.

अमेरिकेत मास्टर्सच करायचं असेल तर एक आकडा पाठ करून ठेवा: ४५.०६०३. प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सरकारी वर्गीकरण क्रमांक असतो. नुसत्या "इकॉनॉमिक्स"चा ४५.०६०१, तर "इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स"चा ४५.०६०३. दुसरा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे, पहिला नाही. पदवीनंतर १२ महिने काम करण्याची परवानगी दोघांनाही मिळते, पण स्टेमवाल्याला आणखी २४ महिने मागता येतात. एकाच शहरातल्या दोन विद्यापीठांत अभ्यासक्रम जवळपास सारखा असतो आणि क्रमांक वेगळा. हा क्रमांक विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० या कागदावर छापलेला असतो. प्रवेश स्वीकारण्याआधीच विभागाला ईमेल करून तो विचारा.

ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुधा एका वर्षाचं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) एमएस्सी इकॉनॉमिक्स एक वर्षाचं आहे आणि दोन वर्षांचंही, ऑक्सफर्डचं एमफिल इकॉनॉमिक्स दोन वर्षांचं, केंब्रिजचं एक वर्षाचं. एलएसईत वर्ग सुरू होण्याआधी गणित-संख्याशास्त्राचा एक दाट प्राथमिक कोर्स असतो. तिथे पोचून गणित शिकू म्हणणाऱ्याची गाडी त्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच रुळावरून उतरते, कारण तो उजळणीसाठी आहे. नाव वाचतानाही सावध राहा. एमएस्सी इकॉनॉमिक्स, एमएस्सी डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स, इकॉनॉमिक पॉलिसी, इकॉनॉमिक हिस्टरी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे पीएचडी करायची असेल तर पहिली घ्या. धोरण, विकाससंस्था, पत्रकारिता अशा कामांसाठी बाकीच्यांत गणिताचा भार कमी असतो आणि त्या कमी दर्जाच्या नाहीत. पण धोरणाची पदवी घेऊन पीएचडीचा अर्ज केला की पुन्हा तोच प्रश्न येतो, गणित कुठे आहे?

एक इतिहासातली आठवण इथे आवर्जून सांगावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाची डीएस्सी त्यांनी एलएसईतून मिळवली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. पैशाचं नियोजन हा या विषयातला दुय्यम भाग नाही, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं.

जर्मनीची शिडी स्वस्त, पण दारावरचे नियम काटेकोर. बॉन विद्यापीठात शिकवणी फी नाही, फक्त सत्राचं अंशदान. मानहाइम बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे आणि तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. गुणांचं रूपांतर तिथे एका सूत्रानं होतं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्ण गुण यांनी भागा, तीननं गुणा, एक मिळवा. १०० पैकी ७० गुण, उत्तीर्ण ४० ला, तर १ + ३ × (३० ÷ ६०) = २.५. दहाच्या श्रेणीत ८.२ असेल आणि उत्तीर्ण ४ ला, तर १ + ३ × (१.८ ÷ ६) = १.९. जर्मनीत १ सर्वात चांगला. बऱ्याच चांगल्या ठिकाणी रेषा २.५ च्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडचा दणदणीत फर्स्ट क्लास तिकडे उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. सूत्रातला उत्तीर्ण गुण तुमच्या मार्कशीटच्या मागे छापलेला असतो तोच घेतात. मागची बाजू स्कॅन न करणं ही फार साधी आणि फार महागात पडणारी चूक आहे.

जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला लागतो, तो नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचा आहे. फी १८,००० रुपये. कागद मागवायला, तपासायला वेळ जातो, त्यामुळे विद्यापीठाच्या मुदतीच्या निदान तीन महिने आधी अर्ज करा. शिवाय ब्लॉक्ड अकाउंट: वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच परत मिळतात. हा खर्च नसून तुमचाच पैसा आहे, पण रक्कम एकदम उभी करावी लागते.

युरोपात आणखी चांगली ठिकाणं आहेत: तुलूझ, पॅरिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मिलानचं बोकोनी, बार्सिलोना स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, माद्रिदचं सेमफी, ॲमस्टरडॅम-रॉटरडॅमची टिनबर्गन इन्स्टिट्यूट. पैशाच्या दृष्टीनं युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती योजनेतल्या क्यूईएम या क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या जोडपदवीकडे जरूर बघा. निवड झाली तर महिन्याला १,४०० युरो, दोन वर्षं. कॅनडात एमए बहुधा एका वर्षाचं, काही विभाग अध्यापन-सहायकाचं काम देतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा छोट्या मास्टर्सलाही तीन वर्षांचा वर्क परमिट मिळू शकतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात. जीआरई या प्रवेश परीक्षेत अर्थशास्त्राचे विभाग क्वांटचा, म्हणजे गणित विभागाचा आकडा बघतात. १७० पैकी १६५ च्या खाली आलात आणि वरच्या विभागाला अर्ज करायचा असेल तर पुन्हा बसा. लेखनाच्या गुणांवर रात्री जागवू नका. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना निकाल फुकट पाठवता येतो. यादी खिशात नसल्यामुळे अनेक जण ही सोय सोडून देतात आणि मग प्रत्येक निकालाचे वेगळे डॉलर मोजतात. जीआरईचा निकाल पाच वर्षं चालतो, आयईएलटीएसचा दोन.

नाव! महाराष्ट्रातल्या मुलांना हा त्रास खास होतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि बऱ्याचदा शेवटी आईचं नाव. परदेशी पोर्टल शेवटचा शब्द आडनाव समजतं. म्हणजे ट्रान्स्क्रिप्टवर तुमचं आडनाव "सुनीता" होतं, पासपोर्टवर "जाधव" असतं आणि जीआरईच्या निकालावर तिसरंच काहीतरी. संगणक हे तिघे वेगवेगळे उमेदवार धरतो आणि फाईल अपुरी दाखवतो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव भरा, आणि मार्कशीटवरचं नाव कुठल्या क्रमानं छापलंय याचं एका ओळीचं पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर घेऊन ठेवा.

शिफारसपत्रांवर जास्त वेळ द्या, कारण अर्थशास्त्रात त्यांचं वजन निबंधापेक्षा कितीतरी जास्त आहे. पीएचडीला तीन लागतात. आपल्याकडची नेहमीची पत्रं "विद्यार्थिनी नम्र, मेहनती आणि नियमित आहे" अशी असतात. समितीला त्यातून काहीही मिळत नाही. उपयोगी पत्रात असं वाक्य असतं: "माझ्या साठ जणांच्या इकॉनॉमेट्रिक्सच्या वर्गात ती पहिल्या दोघांत होती, तिनं प्रबंधासाठी पीएलएफएस या सरकारी रोजगार पाहणीची मूळ माहिती स्वतः साफ केली, आणि माझ्या एका गणितातली चूक दाखवून दिली." सरांना असं पत्र लिहिता यावं म्हणून सहा आठवडे आधी एक फाईल द्या: मार्कशीट, प्रबंध, त्यांच्या वर्गात केलेलं काम, विद्यापीठांची यादी तारखांसह. "तूच लिहून आण, मी सही करतो" हे बरेचदा ऐकायला मिळतं. तसं करू नका. तीन पत्रांत एकच वाक्यरचना आली की वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं, आणि मग तिन्ही पत्रं कचऱ्यात. त्याऐवजी मुद्द्यांची यादी द्या, भाषा त्यांची राहू द्या. आणि सरांचा ईमेल संस्थेचा हवा. जीमेलवरून आलेली पत्रं काही पोर्टलं अडवतात किंवा पडताळणीला टाकतात. महाविद्यालयाकडे डोमेन नसेल तर विभागाच्या वेबसाइटवर सरांचा तो जीमेल पत्ता दिसेल एवढी तरी व्यवस्था करून घ्या.

निबंधात लहानपणची गरिबी, गावचा बाजार, नोटाबंदीनं झालेला साक्षात्कार यांत अर्धं पान घालवू नका. एक प्रश्न मांडा, तो कुठल्या माहितीतून सोडवता येईल ते सांगा, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि कुठे अडलं ते लिहा. "अडलं" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण संशोधन केलेल्यालाच तो लिहिता येतो. राज्यातल्या पीक विम्यावर किंवा ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर काम केलं असेल तर ते घरगुती वाटेल म्हणून लपवू नका. तिकडच्या कुणाकडेही नसलेली माहिती तुमच्याकडे आहे.

पीएचडीसाठी गेल्या काही वर्षांत आणखी एक पायरी तयार झाली आहे, प्रीडॉक. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाकडे एक-दोन वर्षं पगारी संशोधन-सहायक. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत या जागा निघतात, आणि आपल्याकडे जे-पाल साउथ एशियासारख्या संस्थांत क्षेत्रीय संशोधनाच्या जागा असतात. निवडीत डेटा टास्क देतात: एक गचाळ फाईल, काही तास किंवा एक शनिवार-रविवार, आणि ती साफ करून तक्ते काढायचे. स्टाटा, आर किंवा पायथन यांपैकी एक हातात बसलेलं हवं. टास्कमध्ये मुलं हरतात ती बहुतेक वेळा अवघड रिग्रेशनवर हरत नाहीत. दोन फाईली जोडताना किती ओळी जुळल्या नाहीत हे न मोजल्यामुळे हरतात. प्रत्येक जोडणीनंतर संख्या तपासा आणि कोडमध्ये एका ओळीत नोंद करा, तपासणारा तेच बघतो.

आता पैसे. लंडनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्सचा हिशेब मांडू. फी ३५,००० पौंड धरा, नावाजलेल्या ठिकाणी याहून जास्तही असते. व्हिसासाठी लंडनमधल्या राहण्याचा खर्च महिन्याला १,५२९ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, म्हणजे १३,७६१ पौंड दाखवावे लागतात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६, सोळा महिन्यांच्या व्हिसाला १,१६४ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर बेरीज ५७ लाखांच्या पुढे जाते, विमान आणि व्हिसा फी वेगळी. शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांची होणार आहे, हेही कर्ज फेडण्याच्या गणितात धरा.

पैसे असूनही ब्रिटनचा व्हिसा नाकारला जातो तो २८ दिवसांच्या नियमामुळे. रक्कम सलग २८ दिवस खात्यात पूर्ण हवी, मधे एक दिवसही कमी झाली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हप्ता कापला गेला, लग्नाचा आहेर दिला, रुपया घसरला, आणि शिल्लक पाचशे पौंडांनी खाली आली, एवढंच निमित्त पुरतं. गरजेपेक्षा सात-आठ टक्के जास्त ठेवा. म्युच्युअल फंड आणि शेअर चालत नाहीत. मुदत ठेव चालते, पण ती केव्हाही मोडता येणारी हवी. पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो, आणि जुन्या जन्मदाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ते चढवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम ऑफर यायच्या आधी उरका. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांचा नियम लागत नाही, बँकेचं पत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं. टीबीची तपासणीही ठरलेल्या केंद्रातूनच.

कर्जात ७.५ लाखांच्या वर सरकारी बँका बहुधा तारण मागतात. सातबाऱ्यावरची शेतजमीन सहसा घेत नाहीत. गावठाणातलं घर असेल तर प्रॉपर्टी कार्ड आणि वारसनोंदी आधी नीट करा. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांत तीन-चार आठवडे सहज जातात, आणि वडिलोपार्जित घरावर पाच काका-आत्यांची नावं असली तर सगळ्यांच्या सह्या लागतात. जे. एन. टाटा एंडोमेंट ही १८९२ पासूनची मुंबईतली संस्था कर्ज-शिष्यवृत्ती देते, तिथे जरूर अर्ज करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती योजनेत विषयाची अट वाचून घ्या: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांना २०२२ पासून ही शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यामुळे अर्जात विषयाचं वर्णन करताना अर्थशास्त्राची पद्धत पुढे ठेवा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, ताज्या पदवीधरांनी त्यात वेळ घालवू नये. पैसे पाठवताना कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर लागत नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर गेले तर लागतो, पण विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

अमेरिकेत मानधन मिळणाऱ्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथलं स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. विद्यापीठाचं कर-सॉफ्टवेअर हे विचारतं. तिथे "भारत" निवडायला विसरलात तर वर्षाला हजार-दीड हजार डॉलर सहज हातचे जातात.

परत येऊन इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग किंवा प्राध्यापकी करायची असेल तर पदवीची समकक्षता लागते. जुलै २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार झाल्यानं तिथल्या एक वर्षाच्या मास्टर्सलाही मान्यतेचा रस्ता खुला झाला आहे. त्यासाठी लागणारे कागद तिथेच असताना गोळा करा: दोन सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट, अभ्यासक्रमाचं तपशीलवार वर्णन, आणि वर्ग प्रत्यक्ष हजर राहून केले असं लिहिलेलं रजिस्ट्रारचं पत्र. विद्यार्थी ओळखपत्र चालू आहे तोवर हे एका ईमेलवर मिळतं. नंतर मागवायला फी, कुरिअर आणि दोन-तीन महिने लागतात.